सुलतानपूरचे श्वास माझ्या पोटात

मी एक पिशवी बोलतेय. नाक मुरडू नका हो! मी भाजीची पिशवी नव्हे, दळणाची नव्हे, पानसुपारीची चंचीही नव्हे. डोळ्यांना दिसेल असं काहीच माझ्या पोटात आजवर पडलेलं नाही. माझ्यात भरतात तो श्वास. बायाबापड्यांचा, म्हाताऱ्यांचा, एका प्रोफेसरांचा, आणि एकदा तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवांचा! पोटात नुसती हवा, म्हणून स्वभावही हवेसारखाच. रिकामी असले की खुंटीवर लोंबत पडते. भरले की वाटतं, आता उडाले, आता उडाले!

माझा जन्म देऊळघाटचा. तेव्हा वऱ्हाड आणि मध्यप्रांत एकाच सरकारच्या हाताखाली होते आणि शिकायचं म्हटलं की बुलढाण्याकडची पोरं नागपूरची वाट धरायची. पोरं म्हणजे पोरगेच. पोरगी गेली ती कोकिळा. उंद्रीच्या शेतकऱ्याची लेक, अंगानं काटकुळी, आवाज मात्र असा की बैल थांबावेत. ती नागपूरच्या कॉलेजात शरीराचं काम कसं चालतं त्याचा अभ्यास करत होती. माणूस खातो काय, जाळतो किती, सोडतो काय, हे मोजण्याचा तिला नाद होता.

तिच्या प्रोफेसरांकडे मोठमोठी कोष्टकं होती. चालताना माणूस किती जाळतो, फावडं मारताना किती. सगळी माणसं विलायतेतली, आणि सगळे पुरुष.

कोकिळेनं विचारलं, "सर, जात्यावर दळणारी बाई यात कुठे आहे?"

"कुठेच नाही," प्रोफेसर म्हणाले. "तोंडात नळी आणि नाकाला चिमटा लावून कुठली बाई दळायला बसणार?"

"मी बसवते."

प्रोफेसर हसले. पण माणूस सरळ होता. ते म्हणाले, "होळीपर्यंत करून आण. नाही जमलं तर प्रयोगशाळेतली तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मागणारे पुष्कळ आहेत."

सोडलेल्या श्वासावरून अंग किती जाळतं ते कळतं, पण तो श्वास भरायची कॉलेजची विलायती पिशवी बाहेर न्यायला मिळेना. मग कोकिळेनं रबर चढवलेलं कापड मिळवलं आणि थेट देऊळघाटला फकीर मोहम्मद यांच्या दारात येऊन उभी राहिली. फकीर मोहम्मद म्हणजे पाण्याच्या मशकी शिवणारे कारागीर. त्यांनी कापड बोटांत चोळलं, हुंगलं, प्रकाशात धरलं.

"बाईसाहेब, यात भरायचं काय? पानी का तेल?"

"श्वास."

फकीर मोहम्मद यांनी सुई खाली ठेवली. आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारत ओरडले, "सलीमा! अगं बाहेर ये! या बाई हवा भरून न्यायला मशक मागून राह्यल्या! हवा! जी फुकट भेटते ती!"

सलीमाबी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. असा माझा जन्म झाला. हसण्यातच. त्याला माझा इलाज नाही.

पहिल्यांदा मला फुगवलं ते फकीर मोहम्मद यांनीच. गाल लाल, डोळे बाहेर. मी फुगले आणि मग फुस्स! शिवणीतून कुठेतरी हवा जात होती. मला हौदात बुडवलं, तर माझ्या कडेनं बुडबुड्यांची रांग निघाली. "या अल्ला, ही तर हुक्का पिऊन राह्यली," सलीमाबी म्हणाल्या आणि पुन्हा हसत सुटल्या. फकीर मोहम्मद यांनी शिवण उसवली, पुन्हा घातली, वर रबराचं पाणी फासलं. कोकिळेनं माझ्या तोंडाला तोटी बसवली आणि तोटीला तोंडात धरायची नळी. नळीत दोन पातळ पडदे. श्वास घेताना बाहेरची हवा यायची, सोडलेला श्वास मात्र माझ्या पोटात. किती साधी युक्ती! पण ती मला कळली तेव्हा मी मनातल्या मनात गोल गिरकी घेतली.

निघताना कोकिळेनं सलीमाबींकडून आणखी एक वस्तू मागून घेतली. रोटीचं खमीर. एका मडक्यात फसफसणारं, आंबूस वासाचं.

"हे कायले?" सलीमाबींनी विचारलं.

"ह्याचाही श्वास मोजायचा आहे."

आता मात्र सलीमाबी हसल्या नाहीत. त्यांनी मडक्यात डोकावून पाहिलं, मग कोकिळेच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते बघितलं.

कोकिळेचे मामा, उकंडराव, सुलतानपूरला राहायचे. लोणारच्या सरोवराजवळचं गाव. मामांचा वाडा नव्हता, मातीच्या सपाट छपराचं चांगलं मोठं धाब्याचं घर होतं, आणि घरात रुखमाबाई मामी होत्या. ओसरीवर श्वास तपासायचं काचेच्या नळ्यांचं यंत्र मांडलं गेलं. मला खुंटीवर टांगलं. गावभर बातमी गेली की उकंडरावची भाची थैली घेऊन आली आहे आणि थैलीत फुकायचं आहे.

बाया आल्या. पहिली पुढे झाली ती सोजराबाई, शेजारच्या शेषरावची आई. तोंडात दात थोडे, हौस दांडगी.

"मले दे व, मी फुकतो."

वऱ्हाडात बायका असं पुरुषांसारखं बोलल्या की पुण्याचे लोक हसतात म्हणे. मला मात्र ते बोलणं फार गोड लागायचं.

सोजराबाईंच्या नाकाला चिमटा लागला. तोंडात नळी गेली. गाल फुगले. समोर बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या खिदळल्या. सोजराबाईंनाही हसू आलं. हसू नाकातून जाऊ शकेना, तोंडातून जाऊ शकेना, म्हणून सगळं माझ्यात! अहो, हसू असं गदागदा पोटात शिरलं की काय होतं ते तुम्हाला कसं सांगू? मी खुंटीवर थयथय नाचले.

"थांबा, थांबा," कोकिळा कपाळाला हात लावून म्हणाली. "हसलं की श्वास जास्त बाहेर पडते. मोजणी बिघडते."

दुसरी बसली, तीही हसली. तिसरी नळी तोंडात धरायच्या आधीच हसली. तो सगळा आठवडा माझ्यात सुलतानपूरचं हसू भरत राहिलं आणि कोकिळा ते मोकळं सोडत राहिली. कामाचा म्हणावा असा एकही श्वास मिळाला नाही. रुखमाबाई म्हणाल्या, "कोकिळे, तुह्या सरले सांग, वऱ्हाडातल्या बाया हसूनच जगतात."

मग ते झालं. शेषराव एके सकाळी ओसरीसमोर उभे राहिले. पिळदार, मिशीवाले, गावात चार लोक ऐकतील असे. ते काही वाईट माणूस नव्हते, पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट त्यांच्या डोक्यातून निघत नसे.

"देवानं माणसाले श्वास मोजून देल्ले," ते म्हणाले. "हे थैली भरभरून घेऊन राह्यली. मंग माह्या मायजवळ उरतीन किती?"

सोजराबाईंचा चेहरा पांढरा पडला. "अवं माय! कोकिळे, माहा श्वास वापस दे!"

"सोजरामावशी, तो तर मी तेव्हाच मोकळा सोडला. इथंच, अंगणात."

झालं! सोजराबाई पदर खोचून अंगणात उतरल्या आणि हवा ओढत धावायला लागल्या. तुळशीजवळ एक मोठा श्वास, गोठ्याच्या दाराशी एक, बाभळीखाली दोन. मागून मामींचं कुत्रं भुंकत पळत होतं. "भेटला का?" शेषराव काळजीनं विचारत होते. "थोडासा भेटला!" सोजराबाई धापा टाकत ओरडल्या. मला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून बायांनी ओसरीकडे यायचं सोडलं आणि कोकिळेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

होळी जवळ येत होती. ती माझ्यासमोर गुडघ्यात डोकं घालून बसायची. रिकाम्या पिशवीनं धीर तरी कसा द्यावा?

मग एके दिवशी ती उठली. मामींकडून मोठी हंडी घेतली. कोमट पाण्यात गूळ विरघळवला, त्यात सलीमाबींचं खमीर ओतलं, हंडीच्या तोंडाला झाकण लावून कणकेनं लिंपलं आणि माझी नळी त्या झाकणात बसवली. मला अंगणातल्या बाजेवर, सगळ्यांना दिसेल अशी, उन्हात पसरलं. ती स्वतः मात्र दूर जाऊन गहू निवडत बसली.

आणि मला गुदगुल्या व्हायला लागल्या! आधी अगदी बारीक. मग मोठ्या. हंडीत कोणी तरी, एक नाही, हजार नाही, मोजता न येणारे कोणी तरी, गूळ खात होते आणि श्वास सोडत होते. मी कोपऱ्याकोपऱ्यांतून फुगत चालले. दुपार होईतो मी बाजेवर गोल गरगरीत, जणू कोणाची डोहाळकरीण!

कुंपणावरून पहिलं डोकं दिसलं. मग दुसरं. सोजराबाई आल्या. "कोन फुकते व आतून? कोनी तं नाई!"

"आत जीव हायेत मावशी," कोकिळा म्हणाली. "डोळ्याले दिसत नाहीत एवढे बारीक. रोटीच्या खमिरात तेच, दह्यात त्यांचेच भाऊबंद. ते गूळ खातात आणि आपल्यासारखाच वायू सोडतात."

"आन् मेले काय ते, एवढा श्वास देऊन?"

कोकिळेनं झाकण काढलं. हंडी जोरात फसफसत होती, फेस कडेवरून सांडत होता.

सोजराबाईंनी हंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तं पह्यल्यापेक्षा जास्त जिते झाले!"

मागे एक बाई उभी होती. उंच, हडकुळी, डोळे मात्र चमकणारे. सोजराबाईंची सून, शेषरावची बायको, झुंबरबाई. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कोकिळाबाई, दळताना माहे खांदे भरून येतात. ते काऊन?"

कोकिळा एकदम खुलली. "जोरानं काम केलं की अंगाले हवा कमी पडते. मग अंग अर्धवट जाळते आणि आंबट साठते. दह्यातले जीव जे आंबट करतात ना, अगदी तेच आंबट."

रुखमाबाईंनी आपला खांदा दाबून पाहिला. "म्हंजे माह्या खांद्यात दही लागते?"

सगळ्या बाया अशा हसल्या की कुंपणावरची डोकी खाली पडली. त्या हसण्यातच झुंबरबाई म्हणाली, "मी दळतो थैली लावून. मी हसत नसतो."

हे शेषरावच्या कानावर गेलं. ते तणतणत आले. "दळन्याचं काय मोजता? बसल्या जागी हात फिरवनं. मेहनत पाहाची असन तं नांगर मोजा!"

"मोजू ना दादा," कोकिळा म्हणाली. "सकाळी जातं, मग नांगर. तुम्ही दोघं नवराबायको."

शेषरावला माघार घेता येईना. गाव जमलं होतं आणि मिशी होती.

ज्वारी निघाली होती, रानं मोकळी होती. सकाळी झुंबरबाई जात्याशी बसली. मला तिच्या शेजारी टांगलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी. पण जातं ओढताना ओवी नाही म्हणजे काय? बाया कासावीस झाल्या. शेवटी रुखमाबाईंनीच तिच्या वतीनं गळा काढला:

दळन दळता बाई, नाकाले चिमटा
कोकिळेनं भरला ग, श्वासाचा लोटा!

बाया फिदीफिदी हसल्या, पण झुंबरबाई हसली नाही. ती दळत राहिली. तिचा श्वास माझ्यात येऊ लागला, एकसारखा, दमदार, ऊन. आणि मी मात्र एकदम गप्प झाले. त्या श्वासाला वास होता. थोडा गोड, थोडा उग्र, पिकून चाललेल्या फळासारखा. मला तो ओळखता आला नाही. इतक्या जणींचे श्वास घेतले होते, असा एकही नव्हता.

कोकिळेनं त्यातली थोडी हवा काचेच्या नळ्यांत भरून ठेवली आणि मला रिकामं करून रानात नेलं.

शेषरावनी मला पाठीवर बांधलं, चिमटा लावला, आणि नांगर धरला. गाव बांधावर बसलं होतं. शेषरावच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जो पिशवी लवकर फुगवील तो जिंकला. मग काय विचारता! त्यांनी लोहाराच्या भात्यासारखा श्वास सोडायला सुरुवात केली. फूं! फूं! फूं! मी पाठीवर धाडधाड फुगत होते, बैल कान टवकारून मागे बघत होते, लोक आरोळ्या देत होते. मला तर झिंगच आली. वाटलं, आता शेषराव, नांगर, बैल आणि मी मिळून सगळे सरोवरावरून उडत जाणार!

आणि शेषराव डुलले. त्यांची बोटं वाकडी झाली. डोळे फिरले. नांगराची मूठ सुटली आणि ते नांगराच्या तासात, त्या चरीतच, बसले ते बसलेच. बैल आपले नांगर ओढत बांधापर्यंत निघून गेले.

"नेला! थैलीनं श्वास नेला!" कोणी तरी किंचाळलं.

सोजराबाई धावत आल्या. "फाडा ते रांड थैली! माह्या लेकाचा श्वास काढा बाहेर!" एकानं विळा आणला. विळ्याचं पातं माझ्या कडेला टेकलं आणि हवेनं भरलेल्या माझ्या अंगावर शहारे आले. त्या क्षणी मी उडणंबिडणं सगळं विसरले. मला फक्त जगायचं होतं.

कोकिळा विळ्याच्या आणि माझ्या मध्ये शिरली. तिचा तो बैल थांबवणारा आवाज! "थांबा! फाडाल तर वापस कसा देऊ?"

विळा थांबला. कोकिळेनं भराभर पडद्यांची नळी काढली, तोटी फिरवली आणि माझं मोकळं तोंड शेषरावच्या तोंडाला लावलं.

"दादा, तुमचाच श्वास आहे. घ्या वापस. हळू... हळू..."

शेषरावनी ओढला. मी आकसले. त्यांनी सोडला. मी फुगले. माझ्यातलं त्यांचं ते त्यांच्यात, त्यांच्यातलं माझ्यात. किती नाजूक काम होतं ते! झुंबरबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिचे ओठ हलत होते. हळूहळू वाकडी बोटं सरळ झाली. डोळे उघडले.

"काय झालं होतं मले?"

"तुम्ही फुकून फुकून अंगातला वायू समदा बाहेर काढला," कोकिळा म्हणाली. "आपण जो वायू सोडतो ना, तो थोडासा अंगात राहावा लागते. तो गेला की चक्कर येते. तो या पिशवीत होता. तो दिला वापस, तुम्ही झाले बरे."

शेषराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला, हो, मला, कसं जपून कुरवाळलं म्हणून सांगू! "देते तं हे," ते म्हणाले. "घेतेच असं नाई. देते बी."

सोजराबाई लगेच म्हणाल्या, "मंग मले बी दे! माहे राह्यले हायेत!" आणि त्याही दोन घोट घेऊन तृप्त झाल्या.

दुपारी कोकिळा काचेच्या यंत्रापुढे बसली. झुंबरबाईची साठवलेली हवा तिनं तपासली. पुन्हा तपासली. कपाळाला आठी. तिसऱ्यांदा. मग ती उठून शेजारच्या घरी गेली. मला खांद्यावर टाकूनच गेली, म्हणून मी ते सगळं पाहिलं.

घरात शेषराव बाजेवर पडून होते. सोजराबाई शेंगा सोलत होत्या. झुंबरबाई भांडी घासत होती.

"झुंबरबाई, तुम्ही कवा जेवल्या?"

झुंबरबाईनं पुढचं भांडं ओढलं.

"सकाळी?"

तिनं भांड्यावर आणखी राख टाकली.

"काल रात्री?"

"तुले काऊन पाह्यजे हे?" शेषराव उठून बसले.

कोकिळा हळू बोलली. "दादा, माणूस भाकरी खाऊन काम करते तेव्हा श्वासात घेतलेल्या आणि सोडलेल्या वायूचं एक प्रमाण दिसते. पोटात काही नसलं की अंग स्वतःचंच मांस-चरबी जाळते. तेव्हा प्रमाण वेगळं दिसते. झुंबरबाईनं आज दळलं ते भाकरीवर नाही दळलं. स्वतःले जाळून दळलं."

मला तेव्हा कळलं. तो पिकल्या फळाचा वास. तो उपाशी अंगाचा वास होता.

शेषराव बायकोकडे वळले. "काऊन नाही जेवली तू?"

झुंबरबाई भांड्यावरचा हात न थांबवता म्हणाली, "उरली नव्हती."

नुसतं एवढंच. रडणं नाही, तक्रार नाही. सोजराबाईंच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. "मी समजलो, तू मागून खाते," त्या पुटपुटल्या. "रोज म्हनलं, खाल्लं असन."

शेषराव बाजेवरून उतरून सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागले. मग म्हणाले, "बैलाले उपाशी जुंपत नाही मी."

ते उठले आणि स्वतः चुलीशी गेले. त्यांना भाकरी थापता येत होती का? छे! त्यांची पहिली भाकरी नकाशासारखी झाली, दुसरी परातीतच चिकटली. सोजराबाईंनी त्यांना बाजूला ढकललं. पण ताट त्यांनीच वाढलं. भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार, कांदा फोडून. बायकोपुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले.

"तुमच्या पुढं कसं खाऊ?" झुंबरबाई लाजून म्हणाली.

"मंग मी तोंड फिरवतो. पन खा."

आणि ते खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले. हे दृश्य पाहून मला पुन्हा भरल्यासारखं वाटलं, पोटात एक फुंकर नसताना!

कोकिळा मोठी हुशार. ती म्हणाली, "ही मोजणी उपाशीपोटीची झाली. आता रोज पोटभर जेवून पुन्हा मोजावी लागते. शास्त्राचं काम आहे." मग काय! शेषराव रोज सकाळी बायकोच्या ताटावर पहारा देऊ लागले. "अवं खा, खा, शास्त्राचं काम हाय! आनखी अर्धी घे, नागपूरचे लोक वाट पाहून राह्यले!" गावातल्या बाकीच्या बाया हे बघून घरी जाऊन सांगायला लागल्या की आम्हालाही शास्त्रात घ्या. एकेकीला कोकिळेनं खरोखरच घेतलं. आता त्या नळी तोंडात धरून शहाण्यासारख्या दळत. कारण आता त्यात भाकरीचा प्रश्न होता.

शेषरावनी नांगर पुन्हा धरला. या खेपेला सावकाश, नेहमीसारखा. संध्याकाळी कोकिळेनं सगळ्यांसमोर सांगितलं की नांगराला जरा जास्त लागतं, जात्याला त्याहून थोडंसंच कमी.

"पाह्यलं?" शेषराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "नांगर तो नांगर!"

"हाव," झुंबरबाई म्हणाली. "पन तुमचा नांगर वर्षातून थोडे दिवस. माहं जातं रोज."

आता तिचा आवाज भरला होता. गालही थोडे. शेषरावनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सगळ्यांच्या आधी तेच हसले. मोठ्यानं, पोट धरून. गाव हसलं. त्या संध्याकाळी मी कोणाच्या नळीला जोडलेली नव्हते, तरी मी फुगले होते. शपथ!

होळीच्या आधी आम्ही नागपूरला पोहोचलो. प्रोफेसरांनी निकाल वाचले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इथे या बाईच्या पहिल्या मोजणीत आणि दुसऱ्या मोजणीत एवढा फरक का?"

"पहिल्या वेळी ती उपाशी होती, सर."

"म्हणजे प्रयोगासाठी तू तिला उपाशी ठेवलंस?"

"नाही सर. ती रोजच तशी दळायची."

प्रोफेसरांनी त्या दोन आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी आमच्या घरी आजारपण होतं. बायको रात्रंदिवस उभी होती. ती कधी जेवली, मला आज सांगता येणार नाही." कागद तिच्या हातात देत म्हणाले, "जागा तुझीच आहे. कोणाला द्यायची नाही."

आणि मग, मला सांगताना आजही मजा वाटते, त्यांनी दार लोटून घेतलं, नाकाला चिमटा लावला आणि नळी तोंडात धरली. "बघू तरी, कसं वाटतं ते." समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. चिमट्यातलं नाक, फुगलेले गाल, वर चष्मा. ते हसले! गदगदून हसले! नागपूरचं, विद्वान, टाय बांधलेलं हसू माझ्या पोटात धडधडत शिरलं. काय सांगू, सुलतानपूरच्या हसण्यापेक्षा त्यात काडीचा फरक नव्हता.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कोकिळा आता स्वतः शिकवते. तिच्या वर्गात मुली असतात. दरवर्षी नव्या, दरवर्षी हसऱ्या. त्यांचेही श्वास मी घेतले. पण रबराला वय असतं. उन्हाळ्यात माझ्या घड्या पडल्या तिथं भेगा गेल्या. ठिगळं लावली, ठिगळांनाही भेगा गेल्या. आता मला फुगवायला बसलं तर एका बाजूनं भरते आणि तीन बाजूंनी गळते. गेल्या महिन्यात नवं यंत्र आलं. पितळी, चकाकणारं, न हसणारं. मला कपाटावर टाकलं.

काल कोकिळा आली आणि मला खाली उतरवून मांडीवर घेतलं. मुलींना म्हणाली, "घड्या सोडल्या तर हिचं कापड अजून घट्ट आहे. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी एकेक तुकडा न्या. बाळाखाली घालायला उपयोगी पडेल." लगेच हात वर झाले. मला एक, मला एक!

म्हणजे उद्या माझे तुकडे होणार. मी घाबरले का? अजिबात नाही! श्वास धरून ठेवायचा धंदा केला सगळा जन्म. आता बाळांचं पाणी धरून ठेवीन. त्यातही हसू येणारच. पण जाता जाता एक विनवणी. तुमच्या घरात जी कोणी सगळ्यांना वाढून मग बसते, तिच्याजवळ जरा जा. तपासायला काचेच्या नळ्या लागत नाहीत, पिशवी लागत नाही. नुसतं विचारा, "तू जेवलीस का?" आणि ती हो म्हणाली तर तिथंच थांबू नका. तिचं ताट बघा.

उद्या पहिली कात्री लागेल तेव्हा माझ्यातून थोडी हवा निघेल. फुस्स असा आवाज होईल आणि मुली नक्की हसतील. हसू द्या. तेवढी हवा मात्र कुणी मोजू नका.